आर्मा ३ साठी ली-एन्फिल्ड: बोल्ट जमला तर रायफल जमली

‘आर्मा ३’ या युद्धाच्या व्हिडिओ गेमसाठी ब्रिटिश ली-एन्फिल्ड रायफलीचं मॉडेल करताना, कामाला हात लावण्याआधी मार्क (रायफलीची आवृत्ती) आणि साल पक्कं करा. एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईतली, म्हणजे मार्च १९४१ ची, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण दाखवायची असेल तर नंबर १ मार्क ३ घ्या. संदर्भाच्या फोटोंत नंबर ४ हमखास मिसळलेली असते. नंबर १ चं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जातं आणि मागची साइट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, उघड्या खाचेची असते. नंबर ४ ची नळी पुढे उघडी दिसते, साइट डोळ्याजवळ आणि भोकाची.

ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटर. एकूण लांबी १.१३, नळी ०.६४, १९०७ च्या संगिनीचं पातं ०.४३.

खरं काम बोल्टचं, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणाऱ्या सरकत्या भागाचं. इथे तीन वेगळी सिलेक्शन (मॉडेलचे स्वतंत्र हलवता येणारे भाग) लागतात. बोल्टचा मुख्य दांडा सुमारे ६० अंश फिरतो आणि मागे सरकतो. पुढचं बोल्ट-हेड मात्र फिरत नाही, नुसतं सरकतं. दोन्ही एकत्र फिरवले की हेडवरचा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्टभोवतीच्या सांगाड्याच्या, भिंतीतून आरपार जातो. फुकटच्या मॉडेल्समध्ये हा दोष सर्रास दिसतो. तिसरा भाग मागचा कॉकिंग पीस. ही रायफल बोल्ट पुढे ढकलताना कॉक होते (झाडण्यासाठी स्प्रिंग ताणली जाते), त्यामुळे परतीच्या शेवटच्या टप्प्यात कॉकिंग पीस अडून राहायला हवा आणि दांडा एकटाच पुढे जायला हवा. ॲनिमेशनचा सोर्स ‘रीलोड’ द्या. तपासताना ‘रीलोडटाइम’ (दोन गोळ्यांमधला वेळ) १० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो. बोल्ट उलट्या क्रमाने चालला तर फेजचे (ॲनिमेशनच्या टप्प्यांचे) आकडे उलटे पडलेत.

शेवटी ‘रीलोडटाइम’ १.२ ते १.५ वर आणा. ब्रिटिश कवायतीत मिनिटाला १५ गोळ्या, म्हणून काही जण ४ सेकंद लिहितात. पण त्या ४ सेकंदांत नेम धरणं आणि भरणंही आलं, आणि नेम तर खेळाडू स्वतःच धरतो.

गोळीचा ‘इनिटस्पीड’ (सुटतानाचा वेग, मीटर प्रति सेकंद) ७४४ (मार्क ७ काडतूस), ‘एअरफ्रिक्शन’ (हवेचा रोध) उणे ०.००१ पासून सुरू करून जुळवा. ‘कॅलिबर’मध्ये ७.७ लिहू नका! तो व्यास नाही, भेदण्याची ताकद आहे, ७.७ दिलंत तर गोळी भिंतीमागून भिंती फोडत जाईल. साइटवरचे आकडे यार्डांचे आहेत, इंजिन मीटर मोजतं: २०० म्हणजे १८३, ३०० म्हणजे २७४.

मॅगझिनचं दुखणं मात्र राहणारच. खरी रायफल वरून पाच-पाच काडतुसांच्या चार्जर क्लिपांनी भरतात, मॅगझिन काढत नाहीत. इंजिन मात्र अख्खं मॅगझिनच बदलतं. पाचाचं मॅगझिन केलंत तर क्षमताच निम्मी होते, म्हणून १० चंच ठेवा आणि भरतानाच्या ॲनिमेशनमध्ये दोन क्लिपा दाखवा. अर्धवट रिकाम्या रायफलीतही दोनच क्लिपा जाताना दिसतील. ते खपवून घ्या, नाहीतर स्क्रिप्ट लिहा.

गोळी मागच्या दिशेने सुटली, तर मेमरी लॉडमध्ये (मॉडेलच्या न दिसणाऱ्या, खुणेच्या बिंदूंच्या थरात) ‘उस्ती ह्लाव्ने’ हा बिंदू नळीच्या तोंडाशी आणि ‘कोनेक ह्लाव्ने’ चेंबरकडे आहे का ते बघा.