बाईक शिकायची तर आधी क्लच समजून घ्या, कोणती घ्यायची ते नंतर बघू

सायकल येते, हेल्मेट आहे, शिकाऊ लायसन्स काढलंय आणि पायात चपला नाहीत बूट आहेत, एवढं धरून चालते. सायकल येत नसेल तर आधी ती शिका, दोन चाकांवरचा बॅलन्स एकदा आला की आला, बाईकवर बसून तो शिकण्याइतका महाग प्रकार दुसरा नाही.

मोकळं मैदान शोधा. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत दोन चकरा मारा म्हणजे वजन कळेल. डाव्या हाताला क्लच, म्हणजे इंजिन आणि मागचं चाक जोडणारी-तोडणारी लिव्हर, उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा ब्रेक, डाव्या पायाला गिअर. गिअर कसे पडतात ते मात्र विचारून घ्या, बऱ्याच गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर असतात पण काही छोट्या गाड्यांना सगळे एकाच दिशेला. झालं.

आता क्लच. मला ज्यांनी ज्यांनी शिकवायचा प्रयत्न केला ते सगळे एकच सांगायचे, "क्लच हळूहळू सोड गं". मी हळूच सोडायचे, आणि गाडी एकतर फटकन बंद पडायची नाहीतर बेडकासारखी उडी मारायची. तीन आठवडे हेच. हा सल्ला अर्धवट आहे हे मला फार उशिरा कळलं. लिव्हर दाबलेली असते तिथून पूर्ण सुटेपर्यंतचा प्रवास सगळा सारखा नसतो. सुरुवातीचा भाग रिकामा, तिथे काहीच होत नाही. शेवटीही तसंच. मधे बोटाच्या पेराएवढा एक टप्पा असतो, तिथे क्लचच्या प्लेटा घासत घासत एकमेकींना पकडायला लागतात आणि इंजिनची ताकद थोडी थोडी मागच्या चाकाला जाते. हाच तो हाफ क्लच. लोक इथपर्यंत बरोबर हळू येतात, गाडी हलली की खूश होतात आणि उरलेला क्लच सटकन सोडतात, तिथेच माती होते. त्या टप्प्यात हात थांबवायचा. गाडी चालत्या माणसाच्या वेगाला येईपर्यंत थांबायचं, मग उरलेला सोडायचा.

हे डोक्याला समजून उपयोग नाही, हाताला समजावं लागतं. त्यासाठी मी एकच व्यायाम करून घेते. सपाट जागा, दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला अजिबात हात लावायचा नाही. क्लच सोडत या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, गाडी इंचभर पुढे सरकायला बघते. तिथे थांबा, मनात दोन आकडे मोजा, परत दाबा. असं ४०-५० वेळा. कंटाळा येईल, येऊ दे. मग त्याच जागेवर क्लच धरून पाय जमिनीवर टाकत टाकत गाडीला नुसतं चालवत न्या. अ‍ॅक्सिलरेटर त्याच्यानंतर, आणि तोही जेमतेम आवाज वाढेल इतकाच. बाजूने कुणीतरी "क्लच जाळशील" म्हणून ओरडेलच. बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, थोड्या वेळाच्या अशा सरावाने त्याला काही होत नाही. रोज सिग्नलला हाफ क्लचवर रेस देत उभे राहिलात तर मात्र प्लेटा लवकर जातात, ती सवय लावून घेऊ नका.

आणि लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल आहे ना ते आधी बघून घ्या. मी शिकत होते त्या गाडीची क्लच केबल इतकी सैल होती की क्लच जवळजवळ मुठीपाशी पकडायचा, माझा अर्धा त्रास त्याचा होता आणि शिव्या मी मला घालत होते.

एक इशारा, हा मी अंगावर घेऊन शिकलेय. क्लच एकदम सुटला की गाडी पुढे उडते आणि आपण मागे पडतो, मागे पडताना उजवी मूठ आपोआप आणखी पिळली जाते, म्हणजे घाबरलो म्हणून गाडी अजूनच पळते. मी अशी थेट कुंपणात गेले होते. उपाय दोन. उजवं मनगट मुठीच्या वर चढवून न ठेवता थोडं खाली ठेवायचं, म्हणजे मागे झुकलात तरी फार रेस होत नाही. आणि काहीही गडबड झाली की पहिली गोष्ट डावा हात पूर्ण दाबायचा. क्लच दाबला की इंजिनचा चाकाशी संबंध तुटला, मग ओरडत बसू दे त्याला.

चढावर हेच, फक्त मागच्या ब्रेकने गाडी धरून ठेवायची. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर, क्लच त्या टप्प्यात आणा, थोडी रेस द्या, गाडी पुढे ओढ घेतेय असं वाटलं की मगच ब्रेक सोडा. पुढच्या ब्रेकने धरायला सांगणारे भेटतील, पण त्याच हाताने रेस पण द्यायची असते, नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

दुसरा, तिसरा गिअर दोन दिवसांत येतो. ब्रेक दोन्ही वापरायचे. पुढच्या ब्रेकला घाबरून तो न वापरणं हा मूर्खपणा आहे, ब्रेक लागला की वजन पुढे जातं आणि थांबवायची बरीचशी ताकद पुढच्याच चाकात असते. फक्त एकदम आवळायचा नाही, आणि हँडल वळलेलं असताना तर नाहीच. वेग २० चा ४० झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं हे लक्षात असू द्या.

आता गाडी. रोजच्या ऑफिससाठी १०० ते १२५ सीसी पुरते, रस्ता मोकळा आणि लांबचा असेल तर १५०-१६०. गर्दीत मोठ्या इंजिनची गाडी म्हणजे मांड्या भाजून घेणं. सगळा रस्ता सिग्नल ते सिग्नलच असेल तर, एवढा क्लचवर निबंध लिहून सांगते, सरळ गिअर नसलेली स्कूटर घ्या. बाईकच हवी असेल तर दोन्ही पाय नीट टेकतात का बघा, पाठ सरळ राहते का बघा, पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) मिळत असेल तर त्याच्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. अ‍ॅव्हरेजच्या गप्पा नंतर. आणि गाडीवर बसून पायांनी ती मागे ढकलत पार्किंगमधून काढून बघा, रोज दोनदा तेच करायचंय.

पहिली गाडी पडणारच, त्यामुळे सेकंडहँड घेतली तर जीव कमी तुटतो. ट्रायलला वरच्या गिअरमध्ये रेस देऊन बघा, आवाज चढतोय पण वेग त्या मानाने वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेटा संपल्यात, तेवढे पैसे कमी करून घ्या.