कारखान्याचा अभियांत्रिकी वारसा कामगारांनी कसा जपावा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवले आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना उभारला, ही हकिकत नोंदली गेली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. इतर बऱ्याच जुन्या कारखान्यांची यंत्रे आणि ड्रॉइंगे मात्र कोणी न विचारल्यामुळे भंगाराच्या लिलावात जातात. म्हणून वारसा जपू पाहणाऱ्या कामगारांनी गट करून कामाची सुरुवात भंगार विभागापासूनच करावी. लिलावाची यादी निघण्यापूर्वी ती आपल्या गटाला दाखवली जाईल, अशी लेखी परवानगी व्यवस्थापनाकडून घ्यावी. ड्रॉइंगांची मालकी कंपनीचीच असल्याने, कोणते कागद बाहेर दाखवता येतील हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पॅटर्न शॉपमधील लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा वाळूचा साचा ज्यावरून घडवतात ते भागाचे नमुने. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते, त्यामुळे पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा केलेला असतो आणि मशीनिंगसाठी ठेवलेली वाढ त्यावर वेगळी असते. साध्या पट्टीने मापे घेणारा नवखा माणूस इथे हमखास फसतो. प्रत्येक पॅटर्नसोबत त्याचा कोअर बॉक्स (भागातील पोकळीसाठी लागणारा वाळूचा गाभा घडवण्याची पेटी) ठेवावा, आणि भागाचा क्रमांक व कोणत्या धातूसाठी तो बनवला होता, ही माहिती चिठ्ठीवर लिहून त्याला बांधावी. वाळवी आणि ओल यांची तपासणी पावसाळ्याआधी व नंतर करावी.

निळ्या ब्लूप्रिंटचा रंग उजेडाने उडतो, आणि जुने कागद टिकवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे अल्कलीयुक्त कागदही त्याला मारक ठरतात. म्हणून साध्या, उदासीन (आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा) कागदात गुंडाळून ते अंधारात ठेवावेत. अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या ड्रॉइंगच्या प्रती) त्यांच्यापासून वेगळ्या ठेवाव्यात. स्कॅन करताना कडेला पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, कारण माझ्या मते मूळ ड्रॉइंगपेक्षा त्याच अधिक मोलाच्या असतात: प्रत्यक्ष काम करताना काय बदलावे लागले, ते तिथेच लिहिलेले असते.

त्या दुरुस्त्यांमागची कारणे निवृत्त फिटर, टर्नर आणि मोल्डर (ओतकामाचे साचे घडवणारे) यांच्या स्मरणात असतात. त्यांची मुलाखत कार्यालयातील खुर्चीवर न घेता यंत्रासमोर उभे राहून घ्यावी. हात लेव्हरवर गेला की विसरलेल्या गोष्टी आपोआप बाहेर येतात. आवाजावरून बेअरिंगचा बिघाड कसा ओळखत होता, हे माप कोणी आणि का बदलले, असे नेमके प्रश्न विचारावेत आणि बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याच आठवड्यात लिहून काढावे.

यंत्र जतन करताना नवा रंग लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याखाली निर्मात्याची अक्षरे, जुना रंग आणि झिजेच्या खुणा झाकल्या जातात. उघड्या पृष्ठभागांना तेल किंवा ग्रीस लावून ठेवावे आणि शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा. जुन्या बॉयलरच्या व वाफेच्या नळ्यांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक असे तंतुमय खनिज) असू शकतो, तेव्हा तज्ज्ञाने तपासल्याखेरीज त्याला हात लावू नये.