एमजीबीची सीट खचलीय? फोम मागवायच्या आधी फ्रेम बघा

जुन्या एमजीबीत, म्हणजे त्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, बसलं की खड्ड्यात बसल्यासारखं वाटतं, त्यात आणि सीट दाराच्या बाजूला झुकलेली, मग माणूस काय करतो तर सरळ नवीन फोम आणि कव्हरचा सेट मागवतो. अहो थांबा जरा. फोमच्या खाली बहुतेक सीटांत एक रबरी डायफ्राम, म्हणजे रबराचा पडदा असतो, तो तारेच्या हुकांनी फ्रेमला ताणून बसवलेला असतो, आणि ही गाडी बनली 1962 ते 1980 मध्ये, म्हणजे सगळ्यात नवी म्हटली तरी चाळिशी उलटलेली. बरेचदा रबर फाटलेलं असतं आणि हुकांनी फ्रेमची भोकं घासून लांबट केलेली असतात. त्याच्यावर नवा फोम टाकलात तर तोही खालीच जाणार.

आधी सीट बाहेर काढा. सीट पूर्ण मागे ढकलली की पुढचे बोल्ट दिसतात, पुढे ओढली की मागचे. खालून चिखलपाणी लागून ते गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेले बोल्ट सोडवणारं तेल) मारून ठेवा. आणि पाने इंचातलेच घ्या, अर्ध्या इंचाच्या डोक्याच्या बोल्टला 13 एमएमचा पाना लागल्यासारखा वाटतो पण असतो ढिला, जोर लावला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. रनरखाली, म्हणजे सीट ज्यावर सरकते त्या पट्टीखाली, लाकडी पट्ट्या निघतील, कुठली कुठे होती ते लिहून ठेवा, कुजल्या असतील तर तेवढ्याच जाडीच्या नव्या करा.

कव्हर काढताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, कव्हर धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा साइड कटरने कापा. जुन्या फोमचा भुगा होतो, मास्क लावा.

आता फ्रेम वायर ब्रशने उघडी करा, कारण रंगाखाली तडा दिसत नाही. पाठ मागेपुढे होणारी सीट असेल तर रिक्लायनरचा ब्रॅकेट पाइपला जिथे जोडलाय तिथे नीट बघा, मग खालचे कोपरे. पाइप आतून गंजतो, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर नुसतं वरून वेल्डिंग करून काही उपयोग नाही. फ्रेम सपाट फरशीवर ठेवा, डुगडुगली तर पिळलीय.

लांबट भोकावर योग्य मापाचा वॉशर वेल्ड केला की काम झालं. तडा असेल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढे जात नाही, मग ग्राइंडरने खाच करून मिगने (तार आपोआप पुढे येणाऱ्या वेल्डिंगने) भरा, साध्या आर्क वेल्डिंगने हा पातळ पाइप जळून भोक पडतं. गंजलेला तुकडा कापून टाका आणि आत घट्ट बसणारा पाइपचा तुकडा सरकवून वेल्ड करा. रिक्लायनरजवळचं वेल्डिंग मात्र हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या, मागून धडक बसली तर तुमची पाठ त्याच्याच भरवशावर आहे.

एक चूक मी केलीय ती तुम्ही करू नका. टेबलावरच सगळं पक्कं वेल्ड करून टाकलं, फ्रेम गरम होऊन ओढली गेली, आणि रनर सरकेचना, परत सगळं कापायला लागलं! म्हणून आधी वेल्डिंगचे नुसते ठिपक्याएवढे टाके मारा, रनर लावून गाडीत सरकवून बघा, मग पूर्ण वेल्ड.

प्राइमर, काळा रंग, आणि पाइपच्या आत गंज रोखणारं कॅव्हिटी वॅक्स. पावडर कोटिंग करणार असाल तर भोकं बुजतात, नंतर मोकळी करावी लागतात.

नवा डायफ्राम कोमट पाण्यात ठेवला की नरम पडतो, आधी समोरासमोरचे कोपरे अडकवा मग मधले हुक, आणि हुकाची टोकं खाली ठेवा नाहीतर फोम कापतात. कव्हर चढवायच्या आधी नुसता फोम ठेवून गाडीत बसून बघा, नवा फोम सुरुवातीला उंच वाटतो आणि उंच माणसाचं डोकं हुडला, म्हणजे कापडी छताला, टेकतं, तेव्हा हुड लावूनच बघा.