विदर्भाच्या असमतोलावर प्रोजेक्ट करताय? आधी तहसील पातळीवर उतरा

नागपुरात अर्थशास्त्र नाहीतर भूगोल करणारी बरीच पोरं प्रोजेक्टला विदर्भाचा अनुशेष, म्हणजे विकासात राज्याच्या मागे राहिलेली तूट, घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे, आपला प्रश्न आपण नाही मोजायचा तर कोणी मोजायचा. पण होतं काय की अकरा जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न एक्सेलमध्ये टाकलं, बार चार्ट काढला आणि लगेच सरकारने काय करावं यावर दहा पानं. एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही भाऊ. म्हणून काम कसं करायचं ते सांगून राहिलो.

पहिले एकक ठरवा. राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने 1984 ला अनुशेष जिल्हानिहाय काढला होता, तेव्हा ते मोठंच काम होतं, पण आज जिल्ह्यावर थांबायचं कारण नाही. नागपूर जिल्हा सरासरीत चांगला दिसतो कारण शहर, हिंगणा, बुटीबोरी सगळं त्यात येतं, आणि त्याच सरासरीखाली भिवापूर, कुही, पारशिवनी दबून जातात. विदर्भात 120 तहसिली आहेत, तिथं उतरा.

तहसीलचा उत्पन्नाचा आकडा मिळत नाही, राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्यापर्यंतच असतो, आणि त्यातही बऱ्याच क्षेत्रांत जिल्ह्याचा आकडा थेट मोजलेला नसतो, राज्याचा आकडाच काही निर्देशकांच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटलेला असतो, म्हणून त्याच्यावर फार भार टाकू नका. त्यापेक्षा 2011 च्या जनगणनेतून शेतमजूर किती, शेतीबाहेरचे कामगार किती, घरात नळ आहे का, बँक खातं आहे का हे तहसीलनिहाय काढा. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी उपग्रहावरून घेतलेला रात्रीच्या उजेडाचा डेटा वापरा, उजेडावरून तिथल्या आर्थिक हालचालीचा अंदाज येतो, आणि व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचा डेटा 2012 पासून दर महिन्याचा फुकट मिळतो. फक्त पावसाळ्याचे महिने गाळा, ढगांमुळे आपल्याकडचे ते आकडे भरवशाचे नसतात. आणि कोराडी, खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांचा उजेड वेगळा काढून बघा, तो उजेड म्हणजे आजूबाजूच्या गावांचं उत्पन्न नव्हे.

जुन्या वर्षांशी तुलना करायची असेल तर हद्दी जुळवून घ्या. गडचिरोली 1982 ला चंद्रपूरमधून निघाला, वाशीम 1998 ला अकोल्यातून, गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून. 1991 चा भंडारा आणि 2001 चा भंडारा एकाच ओळीत ठेवले तर लोकसंख्या घटली असंच दिसेल.

आता नकाशा. क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रंग भरले की गडचिरोलीच डोळ्यात भरतो कारण क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर, पण 2011 ला तिथं माणसं 10.73 लाख आणि एकट्या नागपूर शहरात 24 लाख. म्हणून रंगासोबत लोकसंख्येच्या मापाचे गोल पण टाका. मग जिओडा हे नकाशावरच्या आकडेवारीचं सॉफ्टवेअर उघडा, तेही फुकट आहे, आणि मोरानचा आय हा निर्देशांक काढा, म्हणजे मागास तहसिलीला लागून मागासच तहसील आहे का ते कळतं. योगायोगाने येणारी अपेक्षित किंमत इथं शून्य नसते, उणे एक भागिले एकूण एककांतून एक वजा अशी असते. अकरा जिल्ह्यांना ती -0.1 येते, 120 तहसिलींना जेमतेम -0.008, आणि अकरा एककांवर चाचणीत तसाही दम नसतो. 999 परम्युटेशन चालवा, म्हणजे आकडे तहसिलींत 999 वेळा उलटसुलट वाटून तुमचा आय योगायोगाने येऊ शकतो का ते बघा, मग स्थानिक निर्देशकांवर जा, म्हणजे नेमक्या कोणत्या तहसिलींचा गठ्ठा आहे ते कळतं.

शेजारी कोण हे ठरवताना राज्याच्या सीमेवर कात्री मारू नका. नरखेडच्या संत्र्याचा पट्टा पांढुर्ण्यात जातो, सावनेरला सौंसर जवळ, गोंदियाला बालाघाट, सिरोंच्याचा संबंध तेलंगणाशी. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाच्या लागून असलेल्या तहसिली डेटात घेतल्या नाहीत तर कडेच्या सगळ्या तहसिलींचे शेजारी अर्धेच मोजले जातात, आणि आपली कड तर भली लांब आहे.

धोरणाचा परिणाम मोजायचाय तर समृद्धी महामार्ग चांगला विषय आहे. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तर इंटरचेंजजवळच्या तहसिली एकीकडे, लांबच्या दुसरीकडे, आधी आणि नंतरच्या फरकातला फरक काढायचा, म्हणजे दोन्ही गटांत आधी-नंतर किती बदल झाला ते काढून एकातून दुसरा वजा करायचा, हेच तुमचं मॉडेल. पण 2022 च्या आधीची निदान पाच-सहा वर्षं दोन्ही गट सारखे चालत होते का ते ग्राफ काढून दाखवा, नाहीतर वाचणारा का ऐकेल तुमचं. बांधकामाच्या काळातले कॅम्प आणि नंतर टोल नाक्याचे दिवे हे उजेडात येतात, ते पिक्सेल झाकून एकदा पुन्हा मॉडेल चालवा. आणि सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे तुलनेचा गट. अमरावती-अकोला जुन्या हायवेवरच्या तहसिली तुम्ही 'परिणाम न झालेल्या' म्हणून घेतल्या, पण तिथली काही वाहतूक समृद्धीवर वळली असेल तर ढाबे, गॅरेज, पेट्रोल पंप यांचा धंदा बसला असेल, मग महामार्गाचा फायदा आहे त्याच्यापेक्षा मोठा दिसणार, खरं तर धंदा इकडून तिकडे गेला इतकंच. म्हणून जुन्या हायवेचा तिसरा गट वेगळा करा आणि त्याचा आकडा वेगळा छापा.

शेवटी मॉडेलचे उरलेले फरक, म्हणजे खरा आकडा वजा मॉडेलचा अंदाज, परत नकाशावर टाका. ज्या दोन-तीन तहसिली अंदाजापेक्षा फार वर किंवा फार खाली आहेत तिथं एसटीने जा, बाजाराच्या दिवशी जा, दुकानदाराला, बँक शाखेत, तहसील कचेरीत विचारा की गेल्या पाच वर्षांत काय बदललं, कोणती खाण, जिनिंग किंवा गोदाम उघडलं की बंद पडलं. तिथं जे कळेल त्यातून पुढचा चल, म्हणजे मॉडेलमध्ये घालायचा नवा घटक, ठरवा आणि मॉडेल परत चालवा.