रिबन माइकने रेकॉर्डिंग करताय? या चुका टाळा

संबळ, हलगी, टाळ, सनई ही आपल्याकडची वाद्यं स्वस्त कंडेन्सर माइकवर (बाहेरून वीज लागणारा, स्टुडिओतला नेहमीचा माइक) कानाला टोचतात. साधारण ३ ते ६ हजार हर्ट्झचा पट्टा त्यांच्यात मुळातच तेज असतो आणि असे कंडेन्सर त्यात आणखी भर घालतात. रिबन माइक हाच पट्टा गोल करून देतो, म्हणून गोंधळ, भारूड, भजन, भीमगीतं करणाऱ्या स्टुडिओंनी तो जरूर वापरावा असं आमचं ठाम मत आहे. मात्र माइक घेतल्यावर तक्रारी सुरू होतात: आवाज बारीक येतो, मागे सूंऽऽ ऐकू येतं, गळा घुमतो, सहा महिन्यांत माइक मेला. बहुतेक वेळा दोष माइकचा नसतो, वापराचा असतो.

आधी आतली रचना समजून घ्या. ताकदवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चुणीदार पट्टी सैलसर टांगलेली असते. तिची जाडी साधारण २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. आवाजाने हवा हलते, हवेबरोबर पट्टी हलते आणि पट्टीत वीज तयार होते. ही वीज फार थोडी असते, म्हणून माइकच्या पोटातच साधारण १:३० चा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. पट्टी पुढून-मागून उघडी असल्याने दोन्हीकडचं सारखंच ऐकते. पट्टी नाजूक, सिग्नल कमी आणि कान दोन: पुढच्या बहुतेक चुका या तीन गोष्टींतून निघतात.

कूलर, पंखा आणि तोंडची हवा

रिबनला मोठ्या आवाजाची भीती नाही. रॉयर आर-१२१ सारखा माइक १३५ डीबीपर्यंतचा आवाज सोसतो. त्याला भीती आहे ती वाऱ्याच्या झोताची. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, खोलीत कूलर घरघरत असतो आणि गायक म्हणतो, ‘थोडा वेळ चालू राहू द्या.’ तसं करू नका. कूलरच्या झोताने पट्टी सतत ढकलली जाते, ४० हर्ट्झच्या खाली मोठी गडगड रेकॉर्ड होते आणि सगळा हेडरूम, म्हणजे आवाज फुटण्याआधीची मोकळी जागा, तीच खाऊन टाकते. झोत थेट असेल तर पट्टी कायमची ताणली जाते. खोली आधी गार करा, टेकच्या पाच मिनिटं आधी कूलर-पंखा बंद करा आणि दोन-तीन टेकनंतर पुन्हा लावा. पंखा चालू करण्याआधी माइकवर कापडी पिशवी घाला.

खोलीत झोत आहे की नाही हे ओळखायला कुणीही न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिल्यावर लाटा सावकाश वरखाली होताना दिसल्या, तर कुठून तरी हवा येते आहे. दाराखालची फट, एसीचं तोंड, शेजारच्या खोलीतला एक्झॉस्ट फॅन, सगळं तपासा.

गाताना ‘पांडुरंग’, ‘भवानी’, ‘भीमराया’ या शब्दांत प आणि भ ची हवा थेट पट्टीवर आदळते. गायक माइकपासून किमान १२ इंचांवर उभा करा. १५ ते १८ इंच आणखी चांगलं. पॉप फिल्टर माइकला चिकटवून लावला तर उपयोग होत नाही, त्यात आणि माइकमध्ये चार इंच जागा ठेवा. माइक तोंडाच्या रेषेपेक्षा थोडा वर घेऊन खाली झुकवा, म्हणजे श्वास खालून निघून जातो. आणि माइक चालू आहे का हे पाहायला त्यावर फुंकर मारायची सवय स्टुडिओतल्या प्रत्येकाची मोडा. चांगला माइक एका फुंकरीत जाऊ शकतो.

वाद्यांचंही असंच. माइक जिथे लावणार तिथे आधी आपला तळहात धरा आणि वादकाला पूर्ण ताकदीने वाजवायला सांगा. हाताला हवा लागली तर ती जागा रिबनची नाही. संबळाची तोंडं वर असतात, म्हणून बरोबर डोक्यावर माइक टांगू नका. समोरून अडीच-तीन फुटांवर, तिरका ठेवा. हलगीचं चामडं समोर हवा फेकतं, तिथे तीन फूट अंतर आणि चामड्याच्या मधल्या रेषेपासून ४५ अंश बाजूला. पखवाजाला समोरून मधोमध दोन फुटांवर एकच माइक पुरतो, धुमेच्या तोंडासमोर मात्र तो नेऊ नका. पेटीच्या बाबतीत लोक भात्याकडे माइक लावतात. भाता हलतो तशी तिथली हवा हलते आणि त्याची धपधप सुरांपेक्षा जास्त येते. सुरांच्या बाजूने, दीड-दोन फूट वर, तिरका ठेवा.

आणखी एक झोत लोक विसरतात, तो माइकच्या पेटीचा. घट्ट बसणारं झाकण धाडकन लावलं की आतली हवा दाबली जाते. झाकण हळू लावा आणि माइक आधी पिशवीत घाला. स्टँडवर लावलेला माइक हातात धरून खोलीभर झपाट्याने फिरवणं हेही वाऱ्यात नेण्यासारखंच आहे.

४८ व्होल्ट: कधी धोका, कधी नाही

फँटम म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच दिले जाणारे ४८ व्होल्ट. ‘फँटम दिलं की रिबन जळतो’ हे अर्धसत्य आहे. एक्सएलआर, म्हणजे माइक केबलच्या तीन पिनांच्या जोडात, २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच ४८ व्होल्ट येतात, दोन्हीत फरक शून्य, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह वाहत नाही. धोका केबल खराब असेल तेव्हा. दोनपैकी एक तार पिन १ ला, म्हणजे शील्डला टेकली की त्या बाजूचे व्होल्ट शून्य होतात आणि दुसऱ्या बाजूने ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ७ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसू शकतो. त्या झटक्याने पट्टी जागची हलते किंवा ताणली जाते. जॅकच्या पॅचबेमध्येही (जॅक लावून जोडण्या बदलायचा फलक) असंच होतं, कारण जॅक आत जाताना टिप (टोक) आणि रिंग (त्यामागची कडी) क्षणभर चुकीच्या जागी टेकतात. पॅचबेतून रिबन जोडताना फँटम बंदच हवं. काही जुन्या माइकांत ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप जमिनीला जोडलेला असतो; त्यांना चांगल्या केबलवरही फँटम चालत नाही.

छोट्या इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणारा डबा) ४८ व्होल्टचं एकच बटण दोन किंवा चार चॅनलना लागू असतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या चॅनलवर ढोलकीचा कंडेन्सर आणि दुसऱ्यावर रिबन असेल, तर रिबनलाही ४८ व्होल्ट मिळतात. मग केबल नीट असणं फार महत्त्वाचं. माइक न जोडता मल्टिमीटरने तपासा: १ ला १, २ ला २, ३ ला ३ जुळतात का, आणि १-२, १-३, २-३ यांच्यात काही जुळत नाही ना. तपासताना केबल वाकवून हलवा, तुटकी तार तेव्हाच सापडते. मल्टिमीटर फक्त केबलवर वापरा. माइकच्या पिनांवर ओहम मोजू नका. मीटर डीसी प्रवाह सोडतो, तो ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि पट्टीची खरी अवस्था तरीही कळत नाही.

कंडेन्सर काढून तिथे रिबन लावायचा असेल, तर फँटम बंद करून एक मिनिट थांबा. व्होल्ट लगेच उतरत नाहीत. कॅमेरा किंवा मोबाइलच्या ३.५ मिमी जॅकला रिबन लावूच नका, त्या जॅकमध्ये छोटा डीसी व्होल्टेज असतो.

अपवाद अ‍ॅक्टिव्ह रिबनचा. रॉयर आर-१२२ सारख्या माइकच्या आत सर्किट असतं आणि त्याला फँटम द्यावंच लागतं. आपला माइक कुठला हे माहितीपत्रकात पाहूनच बटण दाबा.

गेन पुरत नाही

थोडं गणित. पॅसिव्ह, म्हणजे आत सर्किट नसलेल्या, रिबनची संवेदनशीलता बहुधा ९४ डीबी आवाजाला २ मिलिव्होल्टच्या आसपास असते. फूटभर अंतरावरून सावकाश ओवी गाणारी बाई ७४ डीबीच्या आसपास असेल, म्हणजे २० डीबी कमी, म्हणजे ०.२ मिलिव्होल्ट. बहुतेक छोट्या इंटरफेसचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, ५५ ते ६० डीबी. नॉब शेवटपर्यंत फिरवला की नेमक्या त्या टोकालाच हिस सर्वात जास्त येते. हीच ती सूंऽऽ.

उपाय म्हणून लोक गायकाला माइकला चिकटवतात, मग घुमतं आणि प-भ फुटतात. त्याऐवजी इनलाइन बूस्टर घ्या. क्लाउडलिफ्टर सीएल-१ साधारण २५ डीबी वाढवतो, म्हणजे ०.२ मिलिव्होल्टचे सुमारे साडेतीन मिलिव्होल्ट होतात आणि इंटरफेसचा नॉब मध्यावर येतो. क्रम असा: माइक, छोटी केबल, बूस्टर, लांब केबल, इंटरफेस. बूस्टरला ४८ व्होल्ट लागतात, पण तो ते माइककडे पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे माइकही सुरक्षित राहतो. बूस्टर विसरून केबल थेट माइकला लावली आणि फँटम चालू राहिलं, अशी गडबड घाईत होते. फँटमच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा.

उलट हलगी किंवा संबळाला बूस्टर बहुधा लागत नाही, तिथे तो काढा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पातळी लाल रेषेपर्यंत न्यायची गरज नाही. मोठे ठोके -१२ डीबीएफएसपर्यंत (लाल रेषेच्या १२ डीबी खाली) आले तरी पुष्कळ.

स्वतंत्र प्रीअँपवर (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) इम्पीडन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, बटण असेल तर ते सर्वात मोठ्या आकड्यावर ठेवा. माइकच्या इम्पीडन्सच्या किमान पाचपट भार हवा, म्हणजे ३०० ओहमच्या माइकला निदान १५०० ओहम. हा आकडा कमी पडला की खर्ज आणि पातळी दोन्ही पडतात.

मागची भिंत ऐकू येते

रिबनचा कान इंग्रजी आठच्या आकड्यासारखा: पुढे आणि मागे पूर्ण, दोन्ही कडांना आणि वर-खाली जवळजवळ बहिरा. दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत, शहाबादी फरशीवर, कोऱ्या भिंतीपासून फूटभर अंतरावर माइक ठेवला तर भिंतीवरून परतलेला गळा मागच्या बाजूने तितक्याच जोरात येतो. आवाज डब्यात गायल्यासारखा वाटतो आणि ईक्यूने, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून, ते निघत नाही. माइक भिंतीपासून निदान तीन फूट पुढे घ्या. मागे दोन जाड वाकळी, मध्ये चार इंच जागा सोडून टांगा. जाड रॉकवूलचं पॅनल असेल तर उत्तम, पण वाकळीनेही ऐकू येण्याइतका फरक पडतो.

याच गुणाचा फायदाही घ्या. पेटी वाजवत गाणाऱ्या भजनी बुवांच्या शेजारी तबलजी असेल, तर तबला माइकच्या कडेला, बरोबर ९० अंशांवर येईल असा बसवा. तबल्याचा थेट आवाज गळ्याच्या ट्रॅकवर खूप कमी शिरतो. गोंधळात मुख्य गोंधळी पुढच्या बाजूला आणि झीलकरी मागच्या बाजूला उभे करता येतात, एकाच माइकवर. झीलकऱ्यांना दुप्पट अंतरावर ठेवलं की ते साधारण ६ डीबीने मागे जातात. मागच्या बाजूची पोलॅरिटी, म्हणजे सिग्नलची अधिक-उणे दिशा, उलटी असते; एकाच माइकवर त्याने काही बिघडत नाही, पण दुसरा माइकही लावला असेल तर पोलॅरिटीचं बटण दाबून दोन्हीकडे ऐका आणि जिथे खर्ज भरीव वाटतो ते ठेवा.

जवळ गेल्यावर खर्ज फुगणं हाही याच रचनेचा परिणाम, आणि रिबनमध्ये तो मुख्यतः पुढूनच ऐकणाऱ्या कार्डिऑइड माइकपेक्षा जास्त असतो. घुमणं कमी करायचं तर आधी अंतर वाढवा. त्यानंतर पुरुषाच्या आवाजाला ८० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचा भाग कापणं) द्या. वरचा भाग मंद वाटला तर ८ ते १० हजार हर्ट्झच्या वर ३-४ डीबी शेल्फ (त्यावरचा सगळा पट्टा) चढवा. रिबनला तो छान मानवतो. मात्र हिस आधीच असेल तर तीही वर येईल, म्हणून गेनचं काम आधी.

घूंऽऽ येतं

सिग्नल लहान आणि आत ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे रिबन आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र सहज पकडतो. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर यांच्यापासून माइक सहा-सात फूट लांब ठेवा. गेन चढवून माइक स्टँडवर हळूहळू फिरवा. एका कोनात घूंऽऽ एकदम उतरतं, तोच कोन ठेवा. कोन बदलूनही काहीच फरक पडला नाही तर दोष अर्थिंगचा किंवा केबलच्या शील्डचा. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गाणं घेऊ नका, ती चरचर नंतर काढता येत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणारा इंटरफेस वापरा.

लोखंडाचे कण आणि साठवण

माइकमधलं चुंबक लोखंडाचे बारीक कण जाळीतून ओढून घेतं. ते पट्टी आणि ध्रुवांच्या फटीत अडकले की बारीक खरखर सुरू होते. जालन्यासारख्या स्टील कारखान्यांच्या गावात किंवा वेल्डिंगच्या दुकानाशेजारी स्टुडिओ असेल, तर माइक उघडा ठेवूच नका. टेबलावर ड्रिल, कानस चालवली असेल तर तिथे माइक आणू नका. जाळी कोरड्या कापडाने बाहेरून पुसा. ब्लोअर, व्हॅक्यूम, दोन्ही नकोत.

काम झाल्यावर माइक उभाच ठेवा. आडवा ठेवला तर पट्टी स्वतःच्या वजनाने हळूहळू लोंबते. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की त्या बदला.

पट्टी गेली हे कसं ओळखायचं

नवा माइक आल्याबरोबर एक काम करा: स्पीकरवर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावा, एक फुटावर माइक ठेवा, पुढून आणि मागून प्रत्येकी अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, गेनचा आकडा लिहून फाइल जपून ठेवा. दर तीन महिन्यांनी तेच करा. पातळी पाच-सहा डीबीने पडली, आवाज मंद झाला, खर्जावर फडफड येऊ लागली, किंवा कडेला बहिरा असायला हवा तिथे ऐकू येऊ लागलं, तर पट्टी लोंबली आहे. अगदी बारीक, दूरचा आवाज येत असेल तर ती तुटली असावी. आधी केबल बदलून खात्री करा.

माइक घरी उघडू नका. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ जाताच चुंबक तो खेचतं आणि टोक थेट पट्टीतून जातं. नवी पट्टी बसवून ती योग्य ताणावर आणणं हे त्याच कामातल्या माणसाचं काम आहे. पाठवताना माइक पिशवीत घालून फोममध्ये उभा बांधा, खोक्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढा, आणि परत आल्यावर पैसे चुकते करण्याआधी तीच पिंक नॉइजची चाचणी घेऊन जुन्या फाइलशी ताडून पाहा.