घरदुरुस्तीला जाताय? आधी सामान कुठे ठेवणार ते ठरवा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांमधले, कॉलेज रोडवरचे सीए, एक-दोन आर्किटेक्ट असे आपण यंदा परत वस्तीतली घरं दुरुस्त करायला जाणार आहोत, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतोय. मागच्या वेळी रंग होता, ब्रश होते, टी-शर्टसुद्धा छापून आले होते, फक्त घरातलं सामान कुठे ठेवायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीतून भांड्यांची मांडणी, कॉट, कपाट, गव्हाची कोठी, पाण्याचा ड्रम एकेक करत सगळं गल्लीत आलं, सिमेंटची धूळ पिठाच्या डब्यात गेली आणि रेशनकार्ड, आधार, लाईट बिलं ठेवलेली पिशवी संध्याकाळपर्यंत सापडेना. देवाच्या फोटोमागे खिळ्याला अडकवलेली असायची ती, आणि फोटो आपल्यातल्याच कुणीतरी काढून ठेवला होता. त्या घरातल्या ताईंचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून सगळ्यात आधी सामान. शेजारची खोली, समाजमंदिर, कुणाचं गोडाऊन, जे मिळेल ते आधी बोलून ठेवा, ताडपत्री आणि खोके आपणच न्या. कागदपत्रं, दागिने, औषधं, शाळेची दप्तरं घरच्यांनीच स्वतःच्या हाताने बाजूला काढायची, आपण हात लावायचा नाही. सिलेंडर आणि शेगडी कुठे लागणार, त्या दिवशी स्वयंपाक कुठे होणार, रात्री माणसं कुठे झोपणार, हे ठरल्याशिवाय थापी हातात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत छप्पर उघडं टाकून कुणालाही झोपवायचं नाही, नाशिकची थंडी काय असते हे निफाडकरांना विचारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, जूनपासून पाऊस, म्हणजे पावसाआधी उरले एप्रिल-मे.

घर स्वतःचं आहे की भाड्याचं, हे आधी विचारा. भाड्याचं असेल तर मालकाशी बोलून भाडं वाढवणार नाही असं लेखी घ्या, नाहीतर आपण रंग लावायचा आणि दोन महिन्यांनी त्याच कुटुंबाला बाहेर पडावं लागायचं. आणि काय दुरुस्त करायचं ते घरच्या बाईला विचारा, आपल्याला भिंतीचा रंग दिसतो, तिला मोरीचं तुंबलेलं पाणी दिसतं.

कामाचा क्रम छप्पर, वायरिंग, प्लास्टर आणि शेवटी रंग. उलटं करू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही, फळी टाका, आणि तो पत्रा सुका फोडायचा नाही, त्यात अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाते. नवीन पत्रा धरून ठेवणारे वाकडे जे-हुक त्याच्या उंचवट्यावर मारायचे, खळगीतून पाणी वाहतं, तिथे भोक पाडलं की गळती आलीच. हुकाच्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून डांबरी वॉशर विसरू नका. वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं स्विच) हवंच, पत्र्याच्या घरात करंट उतरला तर अख्खं घर धरतं. प्लास्टर गवंड्याला करू द्या, आपण बिगारी, घमेली उचला. गल्लीत छोटा हत्ती टेम्पोसुद्धा शिरत नाही, ५० किलोच्या गोण्या कोपऱ्यापासून खांद्यावर न्याव्या लागतात, हे आधी बघून या.

प्लास्टरला सात दिवस तरी पाणी मारायचं असतं. घरातले सगळे कामावर जातात, मग पाणी कोण मारणार, नळाला पाणी किती वाजता येतं, तेही ठरवा. त्यानंतर भिंत वाळायला तीन-चार आठवडे सोडा. एकाच शनिवार-रविवारी प्लास्टर आणि रंग दोन्ही उरकायचा हट्ट कृपा करून धरू नका. खालून चढलेली ओल पुट्टीने झाकली तर पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. म्हणजे फेऱ्या दोन होणार, आणि दोन फेऱ्या म्हणजे सामानही दोनदा हलणार! दुसऱ्या वेळची जागासुद्धा पहिल्याच दिवशी पक्की करा, आणि मांडणी उतरवण्याआधी ताईंच्याच फोनवर तिचा फोटो काढा, भांडी परत त्याच जागी लागली पाहिजेत.

सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या खर्चात, आपले तास पैशात धरता येत नाहीत, मटेरियलची बिलं मात्र जपून ठेवा, बाकी एचआर बघेल. मास्क, हातमोजे, प्रथमोपचार पेटी, पिण्याचं पाणी, हे काही वेगळं सांगायला नको. फोटो घरच्यांना विचारूनच. राबिट, म्हणजे कामाचा राडारोडा, आपणच उचलायचं, गल्लीत सोडायचं नाही. उरलेला रंग डब्यासकट त्यांनाच द्या, शेडचा नंबर लिहून. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दोघांनी जाऊन पत्रा गळतोय का ते बघून यायचं, नावं आत्ताच द्या.