मरीन टँकची सॅलिनिटी मोजायला काय घ्यावं (इंदूरचा उन्हाळा धरून)

इंदूरात मरीन टँक (समुद्री मासे-कोरलची खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवणारे आपण मोजकेच लोक, आणि नवीन कोणी आला की पहिला प्रश्न हाच की मीठ, म्हणजेच सॅलिनिटी, मोजायला काय घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. घाईत असाल तर उत्तर आधीच घ्या: हातात धरून डोळ्याला लावायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेला, आणि त्याच ऑर्डरमध्ये ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडची (मीटर जुळवून घ्यायचं ठरलेल्या मिठाचं पाणी) बाटली टाका. बाटली विसरू नका. ती नसेल तर स्वस्त काय आणि महाग काय, कुठलाही मीटर फक्त अंदाज सांगतो.

मोजायचं काय ते आधी. मोकळ्या समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी असतं, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, आणि २५ डिग्रीला त्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (शुद्ध पाण्याच्या किती पट जड) येते १.०२६४. पुष्कळ जण १.०२५ लाच ३५ समजून चालतात पण ते जवळपास ३३ असतं. नुसते मासे असतील तर तेवढ्यानी बिघडत नाही, कोरल असतील तर मात्र ३५ च्या आसपास आणि रोज तेवढंच हवं. मुंबईवाल्यांना निदान समुद्र जवळ आहे, आपलं तसं नाही, आपण नर्मदेचं नळाचं पाणी आरओ करून त्यात पिशवीतलं मीठ घोळतो, त्यामुळे आपल्या प्रत्येक बादलीचा समुद्र हा मीटर सांगेल तसाच होतो.

आता एक गोष्ट जी दर वेळी निघते. घरी आरओवाल्यानी दिलेला टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, तो टँकमधे बुडवून चालेल का? नाही चालणार. ते पेन साधारण ९९९० पीपीएमपर्यंतच जातात आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात, त्यामुळे काहीतरी एरर येणार किंवा भलताच आकडा. पण पेन टाकू नका, आरओचं पाणी शून्याजवळ येतंय की नाही हे बघायला तोच लागतो.

हायड्रोमीटर, म्हणजे पाणी किती जड त्यावरून मीठ सांगणारा, दोन प्रकारचे. प्लास्टिकच्या डबीत काटा वर-खाली होतो तो एक, आणि काचेचा तरंगणारा दुसरा. काटेवाला मी पहिल्या वर्षी वापरला, दुकानदार म्हणाला सगळे हाच नेतात, आणि तो मला महिनोन्महिने १.०२५ दाखवत राहिला. एक दिवस मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणून बघितलं तर १.०२९ निघालं, म्हणजे ३८ च्या वर. काट्यावर मिठाचा बारीक थर बसला होता, त्यानी काटा जड होऊन खाली राहायचा, मला वाटायचं मीठ कमी आहे आणि मी आणखी घालत जायचो. तोवर माझा झेनिया (एक मऊ कोरल) आक्रसून गेला होता आणि टर्बो गोगलगायी एकेक करून मेल्या, आजही त्याचं वाईट वाटतं कारण त्यांची काही चूक नव्हती. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर उलटं होतं, काटा वर उचलला जातो आणि मीठ जास्त दिसतं. काचेचा तरंगणारा त्यामानानी खूप चांगला, फक्त त्यावर कुठल्या तापमानाला कॅलिब्रेट केलाय ते बघून घ्या. २५ डिग्रीवाला घ्या. १५.६ डिग्रीवाला (६० फॅरनहाइट लिहिलेलं असतं) आपल्या २५ डिग्रीच्या टँकमधे सुमारे ०.००२ कमी दाखवतो, आणि ते भरून काढायला मीठ घातलंत की पाणी गेलं ३७-३८ वर.

रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून प्रकाश किती वाकतो त्यावर चालतो. शुद्ध पाण्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.३३३० आणि समुद्राच्या पाण्याचा १.३३९ च्या जवळ, म्हणजे सगळा खेळ तिसऱ्या दशांशात आहे, म्हणून जरा काळजीनी वापरावा लागतो. विकत घेताना मोठी गफलत होते ती इथे: बाजारात पुष्कळसे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे नुसत्या सोडियम क्लोराइडचे असतात आणि मरीन म्हणून खपतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही असतं, त्यानी प्रकाश थोडा वेगळा वाकतो. मिठाच्या स्केलवर खरं ३५ चं पाणी साडेछत्तीसच्या आसपास दिसतं, आणि तुम्ही ३५ दिसेपर्यंत पाणी घालत बसलात तर टँक साडेतेहतीसवर येतो. ओळखायचं कसं? आतलं स्केल नीट बघा, एका बाजूला पीपीटी आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅव्हिटी असते, ३५ च्या समोर १.०२६ च्या थोडं वर असेल तर समुद्राचा, १.०२५ असेल तर मिठाचा. घेऊन झाला असेल आणि मिठाचा निघाला तरी घाबरू नका, ३५ च्या फ्लुइडवर सेट केला की ३५ च्या आसपास तो बरोबरच सांगतो, आणि आपल्याला कामही तिथलंच असतं.

याच कारणानी आरओच्या पाण्यावर शून्य सेट करून मोकळं होऊ नका. शून्यावर बरोबर असलेला मीटर ३५ वर चुकू शकतो. फक्त एकच अपवाद, आजारी माशाला १.००९ च्या आसपास हायपोसॅलिनिटीत, म्हणजे मुद्दाम कमी मिठाच्या पाण्यात, ठेवायचं असेल तर तिथे खालचं टोक महत्त्वाचं, तेव्हा आरओ पाण्यावर शून्य तपासून घ्या, कारण तिथे थोडं जास्त मीठ राहिलं तर व्हाइट स्पॉटचा (माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) परजीवी जिवंत राहतो. आणि हे फक्त वेगळ्या टँकमधे, माशांसाठी, कोरल आणि गोगलगायींना ते सहन होत नाही.

आता इंदूरची खरी अडचण, गरमी. मीटरवर एटीसी लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाचा फरक तो स्वतः सांभाळतो, पण कागदावर बघा, बहुतेकांचा एटीसी १० ते ३० डिग्रीपुरता असतो. मे महिन्यात दुपारी आपल्या हॉलमधेच ३७-३८ असतं, तेव्हा मीटर त्या हद्दीबाहेर गेलेला असतो आणि वर एटीसीचं स्टिकर आहे म्हणून आपण निर्धास्त. मी दोन गोष्टी करतो. एक तर उन्हाळ्यात सकाळी सहा-साडेसहालाच मोजतो. दुसरं म्हणजे फ्लुइडची बाटली मीटरच्या शेजारीच, त्याच कपाटात ठेवतो, दोन्ही एकाच तापमानाला राहतात, आणि आधी फ्लुइडचा थेंब टाकून ३५ वर आणतो मग लगेच टँकचा थेंब, म्हणजे गरमीमुळे जी काही चूक असेल ती दोन्हीकडे सारखीच होते आणि कटून जाते. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, झाकणाखाली बुडबुडा नको, आणि खिडकीकडे तोंड करून बघा.

फ्लुइड वेळेवर मिळालं नाही तर घरी करता येतं. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी, हे मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरमधे ३५ पीपीटीच्या समुद्रासारखंच दिसतं. पावसाळ्यात मीठ ओलं असतं, ते तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या मगच तोला. सैंधव घेऊ नका, त्यात दुसरे क्षार असतात. पाणी किचनच्या काट्यावर तोललं तर चालतं पण मिठाला नेमका काटा लागतो, मी सराफ्यात दिवसा ओळखीच्या सोनारकाकांकडे पुडी घेऊन गेलो होतो, त्यांनी हसत हसत तोलून दिली. हे मिश्रण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे, कंडक्टिव्हिटी मीटरला वेगळं प्रमाण लागतं.

डिजिटलमधे दोन जाती, आणि नाव वाचून कळत नाही म्हणून सांगतो. मिलवॉकीचा एमए८८७ सारखा डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशावरच चालतो, डोळ्याचा अंदाज लागत नाही, चष्मा असलेल्यांना फार सोयीचा. हॅनाच्या सॅलिनिटी टेस्टरसारखा पेन कंडक्टिव्हिटीवर चालतो, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावर, ३५ च्या पाण्याची २५ डिग्रीला साधारण ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर. पद्धत म्हणून ही पक्की आहे, समुद्रशास्त्रात १९७८ मधे सॅलिनिटीची व्याख्याच कंडक्टिव्हिटीवर बांधली गेली. पण पेनचं टोक स्वच्छ लागतं, आत बुडबुडा अडकला तर आकडा खाली येतो, तेव्हा बुडवून हलकेच झटका द्या आणि दर वेळी आरओच्या पाण्यानी धुवून ठेवा. दोन-तीन टँक असतील किंवा आठवड्याला पाणी मिसळत असाल तर डिजिटल घ्या, एकाच टँकला साधा पुरतो.

मोजायचं कधी तेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडे कोरडी हवा, वर कूलर आणि पंखे, पाणी झपाट्यानी उडतं आणि मीठ मागे राहतं, १०० लिटरमधलं ५ लिटर उडालं की ३५ चं जवळपास ३७ होतं. म्हणून आधी आरओच्या पाण्यानी खुणेपर्यंत भरा, तासभर पंप चालू द्या, मग मोजा. भरताना मिठाचं पाणी घालू नका. नवीन मीठ घोळलं असेल तर पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. आकडा चुकलेला निघाला तर एका दिवसात दुरुस्त करायला जाऊ नका, दिवसाला एक पीपीटीच्या आसपास सरकवा, आणि त्याआधी फ्लुइडवर मीटर पुन्हा एकदा तपासा.

वापरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा प्रिझम (थेंब टाकतो ती काच) आरओच्या पाण्यानी पुसून मऊ कपड्यानी कोरडा करा. फ्लुइडच्या बाटलीचं झाकण घट्ट लावा, त्यातलं पाणी उडालं तर ती ३५ ची राहत नाही, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा आणि मे-जून गेले की नवी आणा.